झाडपाला, पांढरा उंदीर आणि आपण

“झाडपाल्याचे औषध ते! गुण आला तर आला, अपाय तर खास नाही.” हे वाक्य नागपुरात आम्ही घरोघरी ऐकतो. या समजुतीची थोडी पारख करू.

वनस्पती आपल्यातील द्रव्ये मनुष्याच्या हितासाठी बनवीत नाहीत. पुष्कळदा ती कीड व जनावरे यांपासून बचावासाठी असतात. धोतरा आणि कण्हेर यांचे विष कोणास ठाऊक नाही? म्हणून वनस्पतीतून वेगळे काढलेले द्रव्य प्रथम पांढऱ्या उंदरांवर तपासतात. आधी एकच मात्रा देऊन १४ दिवस निरीक्षण. मग २८ किंवा ९० दिवस रोज मात्रा. तीन गटांना कमी, मध्यम व अधिक औषध, चौथ्याला मुळीच नाही. वजन, खाणे, रक्त पाहतात. शेवटी यकृत व मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. समजा, दर किलो वजनास ६२ मिलिग्रॅमपर्यंत उंदरास अपाय झाला नाही, तर माणसाच्या बाबतीत ते प्रमाण सुमारे १० धरतात. प्रारंभ त्याच्याही दहाव्या हिश्शाने, म्हणजे १ मिलिग्रॅमने करतात.

सर्पगंधेचेच उदाहरण घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे झाले. पुढे अमेरिकेत उंदरांना अन्नाच्या दहा लाख भागांत ५ किंवा १० भाग रेसरपिन मिसळून १०३ आठवडे दिले, तेव्हा नरांच्या अधिवृक्क ग्रंथींत गाठी आढळल्या. मग औषध त्याज्य ठरले काय? नाही. माणसांतील पुरावा अपुरा असल्याने कर्करोगाच्या दृष्टीने निर्णायक मत देता आले नाही.

उंदराची साक्ष मोलाची, पण अखेरची नव्हे. रेसरपिनने तो सुस्त होतो, पापण्या मिटतो. परंतु मन खिन्न झाले हे माणूसच सांगू शकतो, आणि काही रुग्णांनी तसे सांगितलेही. शिवाय ही साक्ष फुकट मिळत नाही. मुक्या जीवाचे प्राण खर्ची पडतात. म्हणूनच आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांस नीतिसमितीची संमती लागते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच : काढा घ्या वा गोळी, डॉक्टरांपासून लपवू नका. रक्तदाबाच्या गोळीवर सर्पगंधेची भर पडली, तर दाब नको तितका उतरू शकतो. मुळी रानातली असली, तरी तिचे माप काटेकोरच हवे.