पिंजऱ्यातला पाऊसकाळ

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी वसलेले आणि व्हिडिओकॉन कंपनीचा पत्ता म्हणून एके काळी देशभरच्या दप्तरांत नोंदले गेलेले चितेगाव हे पक्षिप्रेमाच्या दृष्टीने मोठ्या मोक्याच्या ठिकाणी आहे. कारण याच रस्त्याने पुढे गेले, की जेथील विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पदरावर पोपट आणि मोर विणले ते पैठण लागते, आणि पैठणला लागूनच १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा लाभलेला जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे. मात्र पदरावर मिरवणारा तो लाल चोचीचा राघू पिंजऱ्यात ठेवण्यास सक्त मनाई आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती त्याला दुसऱ्या अनुसूचीत घालते. मैना व मुनिया यांनाही कायद्याचे छत्र आहेच. सबब घरच्या घरी पैदास करण्याची हौस ज्याला भागवायची असेल, त्याला परदेशी वंशाच्या, पण पिंजऱ्यातच जन्मलेल्या पाखरांकडे वळावे लागते.

अशा पाखरांत पहिला मान बजरीगरचा, ज्याला आपल्याकडील दुकानदार सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ही पाखरे ऑस्ट्रेलियातून जिवंत इंग्लंडला नेली, आणि तेथून ती जगभरच्या घरांत पसरली. हा मूळचा अवर्षणप्रदेशाचा रहिवासी. पावसाचा मागमूस घेत थव्याने भटकावे, पाऊस पडून गवताला दाणा धरला की झाडाच्या ढोलीत घाईघाईने संसार थाटावा, आणि दुष्काळ आला की विणीचे नावही न काढता केवळ तग धरावा, हा त्याचा शिरस्ता. मृगाच्या भरवशावर तिफण जुंपणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला या स्वभावाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

गृहपैदाशीतील खरी अडचण या स्वभावातूनच उद्भवते. पाखरे अंडी घालत नाहीत ही नवशिक्याची तक्रार असते. ती घालण्याचे थांबत नाहीत, ही अनुभवी माणसाची चिंता. वाटीतला राळा आणि बाजरी संपत नाही, पाणी आटत नाही, घरट्यासाठीचे मडके टांगलेलेच असते. त्यामुळे मादीच्या शरीराला अखंड पाऊसकाळ चालू असल्याचा भास होतो, आणि पहिली पिल्ले मडक्याबाहेर पडण्यापूर्वीच ती पुन्हा अंड्यांवर बसते. प्रत्येक अंड्याचे कवच तिच्या हाडांतील चुना घेऊन घडते. तो साठा आटला, की अंडे आत अडकते आणि सकाळी मादी पिसे फुलवून तळाशी बसलेली आढळते. अशा वेळी ऊब देऊन तातडीने पशुवैद्य गाठला नाही, तर ती सहसा वाचत नाही. म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन पिंजऱ्यात कायम असावा, मोड आलेले धान्य, शेवग्याचा पाला, उकडून कुस्करलेले अंडे यांची जोड द्यावी. पण याहून मोठा उपाय म्हणजे वर्षातून दोन विणी झाल्या की मडके उतरवून नर-मादींना वेगळे करणे. विक्रीवर डोळा ठेवणाऱ्याला एवढा संयम जड जातो. आणि माझ्या मते ज्याला तो जमत नाही, त्याने या वाटेला जाऊच नये.

दुसरी अडचण आपल्या हवामानाची. वैशाखात पारा चाळिसापलीकडे जातो, पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते, आणि कोरड्या हवेत अंड्यातील ओल उडून पूर्ण वाढलेले पिल्लूही कवचातच चिकटून मरते. उन्हाळाभर वीण तहकूब ठेवणे आणि पिंजऱ्याच्या पश्चिमेस ओले गोणपाट सोडणे, हाच बंदोबस्त. पावसाळ्यात मुंग्यांचा उपद्रव निराळा. नुकत्याच फुटलेल्या अंड्याचा वास त्यांना लागला तर रातोरात मडके रिकामे होते. यावर जुन्या घरांतील दुभत्याच्या कपाटाप्रमाणे पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची तजवीज अद्याप कोणी मागे टाकलेली नाही. एका पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील, तर जोड्यांच्या दुप्पट मडकी एकाच उंचीवर टांगावीत, कारण वरच्या मडक्यासाठी माद्यांत होणारी भांडणे पिल्लांच्या जिवावर बेततात.

इतका खटाटोप करून पदरात काय पडते? पैशाचा जमाखर्च मांडू गेल्यास फारसे काही नाही. परंतु पाहण्याचे जे सुख आहे, त्याचा मोह बादशहांनाही आवरला नव्हता. १६१० मध्ये ज्याने छत्रपती संभाजीनगराचा ‘खडकी’ या नावाने पाया घातला, त्या मलिक अंबरचा हाडवैरी जहांगीर दक्षिणेच्या मोहिमांच्या धामधुमीतही लैला आणि मजनू नावाच्या सारसांच्या जोडीची वीण निरखीत होता. रात्रभर मादी अंड्यांवर बसते आणि नर शेजारी पहारा देतो, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात टिपून ठेवले आहे. बजरीगरच्या घरी व्यवस्था वेगळी: अठरा दिवस मादी एकटीच उबवते, आणि नर मडक्याच्या तोंडाशी येऊन तिला भरवतो. अंडी एक दिवसाआड पडत असल्याने पिल्लेही तशीच निघतात, आणि एकाच मडक्यात पिसे फुटलेला थोरला व डोळे न उघडलेला धाकटा शेजारी शेजारी दिसतात.

जहांगीरचा पिता अकबर याच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरे असल्याचे आणि निरनिराळ्या जातींचा संकर करून त्याने त्यांची पैदास सुधारल्याचे अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त सांगतो. संकरामागील गणित मेंडेलने पुढे उलगडले, ते आज कोणालाही आपल्या पडवीत पडताळून पाहता येते. बजरीगरचा मूळ रंग हिरवा; निळा रंग पोटात लपवून असलेली हिरव्या आईबापांची जोडी लागली, तर सरासरीने चार पिल्लांत एक निळे निघते, आणि दोन्ही निळ्यांपासून हिरवे कधीच निघत नाही. अर्थात यासाठी वहीत प्रत्येक जोडीचा, अंड्याचा आणि पिल्लाचा दाखला हवा. एकाच मडक्यातील भावंडांची जोडी लावली तर काही पिढ्यांत पाखरे किरकोळ व वांझ निपजू लागतात. म्हणून दुसऱ्या गावच्या हौशी माणसाशी नरांची अदलाबदल करावी.

आफ्रिकी करडा पोपट, मकाव किंवा फिशर जातीचा खरा लव्हबर्ड घेणाऱ्याने आणखी एक खातरजमा करावी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतील या जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, आणि घरात पिल्लू जन्मले किंवा पक्षी मेला, तरी तेथे वर्दी द्यावी लागते. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. नवशिक्याने या तिघांपासूनच आरंभ करावा, आणि तोही एकाच जोडीने, दिवाळीनंतरची थंडी उतरू लागली म्हणजे.