वॉरंटाविना झडती

झडतीला वॉरंट हे लागतेच, अशी पुष्कळांची समजूत असते. उलट, पोलीस दारात आले म्हणजे त्यांना वाटेल ते करता येते, असे कित्येक जण धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने या दोन्ही समजुती चुकीच्या होत.

झडतीचे वॉरंट म्हणजे न्यायाधिकाऱ्याची लेखी आज्ञा. झडतीपूर्वी एका तिऱ्हाइताने कारणे पारखून पाहावीत, हा तिच्यामागील हेतू. परंतु चोरीचा माल रातोरात हलविला जाण्याचा संभव असता आज्ञेची वाट पाहत बसणे म्हणजे पुरावा हातचा घालविणे होय. यास्तव काही प्रसंगी कायद्याने वॉरंटाची अट शिथिल केली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिनेही जुन्या कायद्याची ही चौकट बहुतांशी कायम ठेवली आहे.

अटक होऊन जामिनावर न सुटलेल्या इसमाची अंगझडती घेता येते. मात्र काढून घेतलेल्या वस्तूंची पावती त्याला द्यावी लागते. स्त्रीची झडती स्त्रीनेच, मर्यादा राखून, घ्यावयाची असते. ज्याला पकडावयाचे तो एखाद्या घरात शिरला आहे असे मानण्यास कारण असल्यास, तेथे त्याचा शोध घेता येतो. चोरीची किंवा गुन्ह्याशी संबंधित असल्याचा संशय येणारी वस्तू जप्त करता येते. तिची खबर न्यायाधिकाऱ्यास ताबडतोब द्यावी लागते. हा जप्तीचा अधिकार घरदार व जमीन यांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरविले.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तपासातील घरझडतीचा. कलम १८५ प्रमाणे, हवी असलेली वस्तू अन्य मार्गाने वेळेवर मिळणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री असली पाहिजे. त्या खात्रीची कारणे आणि, शक्य तोवर, शोधावयाची वस्तू त्याने झडतीपूर्वी लिहून ठेवली पाहिजे. या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत न्यायाधिकाऱ्याकडे जावी लागते, आणि घरमालकाने अर्ज केल्यास त्यालाही ती विनामूल्य मिळते. झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचे बंधन नव्या संहितेने घातले आहे.

ही लेखी नोंद केवळ उपचार नव्हे. राजस्थानात तंबाखू पिकविणाऱ्या एका इसमावर, अबकारी अधिकाऱ्याच्या झडतीला अडथळा केल्याबद्दल खटला झाला. त्या झडतीची कारणे आधी लिहिलेली नव्हती. तेव्हा झडतीच बेकायदा, व तिला केलेला अडथळा हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. परंतु यावरून कोणी दार अडवून बसणे शहाणपणाचे नाही. नोंद झाली आहे की नाही, हे दारात उभ्या असलेल्या गृहस्थास कळत नाही. शिवाय झडती सदोष ठरली तरी तीत सापडलेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही, असे त्याच न्यायालयाने पूरनमल खटल्यात १९७३ मध्ये स्पष्ट केले.

घरच्या माणसाने झडतीच्या वेळी स्वतः हजर राहावे. तो त्याचा हक्क आहे. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्यावी. शेजाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित व निःपक्षपाती पंच कायद्याला हवे असतात. लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारणावाचून नकार देणे गुन्हा ठरतो. न्यायाधिकाऱ्याची आज्ञा नसलेल्या झडतीत त्या घरात तिऱ्हाईत म्हणून उभे असतात ते हे दोन पंचच. त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावाचून व यादी वाचल्यावाचून सही करू नये.