क्यूरीबाईंचा हिरवा दगड

टॉर्बर्नाइट नांवाचें खनिज प्रथम पाहणारास पाचूचाच भास होतो. परंतु पाचू कठीण, हें मऊ. अभ्रकाप्रमाणें याचे पातळ चौकोनी पापुद्रे सुटतात. तांबें, युरेनियम व फॉस्फरस यांच्या संयोगानें तें झालेलें असून त्यांत पाण्याचाही अंश असतो. इंग्लंडांतील कॉर्नवॉल व जर्मनींतील सॅक्सनी या प्रांतांच्या खाणींत तें सांपडतें. पूर्वीं त्यास चॅल्कोलाइट म्हणत.

युरेनियममधून अदृश्य किरण निघतात, हें बेक्वेरेल यांनीं १८९६ सालीं दाखविलें. या किरणांच्या योगानें हवेंतून वीज वाहूं लागते. ती मोजली कीं किरणांचें बळ कळतें. पॅरिस येथें मादाम क्यूरी यांनीं, पति पिएर व थोरले दीर जाक यांच्या विद्युन्मापक साधनानें, अनेक खनिजें या रीतीनें तपासलीं. युरेनियम जितकें अधिक तितके किरण अधिक, असा नियम दिसत होता. पण पिचब्लेंड शुद्ध युरेनियमच्या सुमारें चौपट व आमचा हा हिरवा दगड दुप्पट प्रभावी निघाला! आम्हीं असतों तर यंत्र बिघडलें म्हणून आंकडाच खोडला असता.

क्यूरीबाईंनीं मोजणी पुन्हा केली. आणि मग शुद्ध द्रव्यांपासून तेंच खनिज प्रयोगशाळेंत स्वतः बनविलें. घटक तेच, प्रमाण तेंच. मात्र या कृत्रिम खनिजाचें बळ युरेनियमच्या निम्म्याहूनही कमी भरलें, म्हणजे नियमास धरूनच. तेव्हां खाणींतल्या दगडांत कोणी तरी अज्ञात मूलद्रव्य दडलेलें असलें पाहिजे, हें अनुमान त्यांनीं १८९८ च्या एप्रिलांत प्रसिद्ध केलें. पुढील शोध पिचब्लेंडमध्यें चालला. जुलैंत पोलोनियम व डिसेंबरांत रेडियम यांची वार्ता जगास कळली. बोहेमियांतील योआखिमस्टाल येथील खाणींचा टाकाऊ गाळ कित्येक मण उकळून, १९०२ सालीं रेडियमचा क्षार हातीं आला तो एक ग्रॅमचा अवघा दहावा भाग!

मग कृत्रिम दगडांत रेडियम कां नव्हतें? युरेनियम अतिशय सावकाश विघटन पावतें व त्यांतूनच रेडियम उत्पन्न होतें. खाणींतल्या दगडास त्यासाठीं युगें मिळालीं होतीं. प्रयोगशाळेंतल्यास थोडे दिवस.

हा सुंदर दगड कोणा विद्यार्थ्यास मिळाल्यास त्यानें तो खिशांत वा उशाशीं ठेवूं नये, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें. त्यांतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायु निघत असतो. क्यूरीबाई १९३४ सालीं रक्ताच्या विकारानें वारल्या. त्यांच्या प्रयोगांच्या वह्या पॅरिस येथें अद्यापि शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. कारण रेडियमचें बळ निम्मे होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात.