जुनी गॅसबत्ती घेताना आधी टाकी पाहा

वरातीच्या दोन्ही अंगांनी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे आता क्वचितच दिसतात. गावात वीज आली नव्हती तेव्हा लग्न असो, तमाशा असो, एकादशीचे भजन असो की गुऱ्हाळावरची रात्रपाळी असो, या बत्तीवाचून काम अडायचे. पुढे घरोघर वीज आली आणि बत्त्या माळ्यावर गेल्या. त्यांतल्याच काही आज आठवडी बाजारात, भंगाराच्या दुकानात, नाही तर जुने घर मोडताना विकायला निघतात. कुणाला वाडवडिलांची आठवण म्हणून, कुणाला दिवाळीत अंगणात लावायला, ती घ्यावीशी वाटते.

घ्यायला हरकत नाही. पण ही बत्ती म्हणजे साधा कंदील नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. कंदिलात वात तेल ओढते. इथे टाकीत हवा दाबून भरलेली असते. त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती जोराने सुटते आणि हवेत मिसळून मेंटलमध्ये जळते. म्हणजे दाबाखालचे रॉकेल आणि जाळ यांच्यात वीतभराचेच अंतर. म्हणून जुन्या बत्तीत चकाकी शेवटी पाहायची, टाकी आधी.

टाकी हाच बत्तीचा जीव

विकणारा बत्ती घासूनपुसून देतो. तुम्ही ती उलटी करून तळ पाहा. तळ बाहेर फुगलेला असेल, तर ती कधीतरी जादा दाबाने किंवा उष्णतेने ताणली गेली आहे असे समजा. खोल पोचा, बारीक चीर, कथलाने डाग दिलेली जागा, यांपैकी काहीही दिसले तर ती बत्ती पेटवण्यासाठी घेऊ नका. कथलाचा डाग घागरीला चालतो, पण दोनशे अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो. बत्तीवर तो भरवशाचा नाही. टाकी लोखंडी असेल, तर झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाका. गंजाचे पापुद्रे दिसले तर नाद सोडा.

पंप, निपल, मेंटल, काच, वायसर हे सारे बदलता येते. टाकी गेली की बत्ती गेली. मग ती दिवाणखान्यात शोभेला ठेवा, तिच्यात तेल घालू नका.

टाकी धड दिसली, तरी घरी आणल्यावर तिची परीक्षा घ्या. आत आधी थोडे रॉकेल घालून, खळखळून, जुना चिकट गाळ काढून टाका. टाकी रिकामी करून सगळे जोड आवळा आणि मापकाच्या लाल रेघेपर्यंतच हवा भरा. मग साबणाचा दाट फेस टाकीवर आणि प्रत्येक जोडावर लावा. सायकलचे पंक्चर पाण्यात बुडबुड्यांनी कळते, तसेच इथे फेसात कळते. जोडातून बुडबुडे आले तर वायसर बदला. टाकीच्या अंगातून आले तर दुरुस्तीचा विचारच सोडा. फेसात काही दिसले नाही, तरी रात्रभर हवा तशीच ठेवून सकाळी मापकाचा काटा पाहा.

पंप, निपल आणि बर्नर

पंप मारताना हवा भरत नसेल, तर बहुधा दट्ट्याचा चामड्याचा वायसर वाळलेला असतो. तो काढून शिलाई मशीनच्या तेलात भिजत ठेवा आणि मऊ झाल्यावर त्याची कड बोटांनी बाहेर पसरवा. गोडेतेल लावू नका, ते पुढे चिकट होते. पंपाची दांडी आपोआप वर येत असेल, तर पंपाच्या तळाची झडप हवा धरत नाही. ती उघडायला लांब पाना लागतो. स्टो दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे तो असतो.

नळीत काजळी धरली की उजेड मंदावतो. निपलचे भोक पिन घालून घालून मोठे झाले की ज्योत पिवळी होते आणि मेंटल काळे पडते. असे निपल साफ करून उपयोग नाही, ते बदलावेच लागते. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग बरोबर न्या, कारण दिसायला सारख्या बत्त्यांचे आटे सारखेच असतात असे नाही. चाकाच्या दांडीभोवती जुनी दोरीसारखी भरती असेल, तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका. ओली करून अलगद काढा आणि कागदात बांधून टाका.

मेंटलची गंमत आणि काळजी

मेंटलचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख यांनी लावला. त्यांनी १८८५ मध्ये पेटंट घेतले आणि १८९१ मध्ये थोरियम ९९ भाग व सेरियम १ भाग असे मिश्रण बसवले. त्याच मेंटलवर बर्लिनच्या एहरिक अँड ग्रेट्झ कारखान्याने १९१० च्या सुमारास पेट्रोमॅक्स काढली. थोरियमचा आपल्या देशाशीही संबंध आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असलेले मोनाझाइट १९०९ मध्ये आढळले आणि ती वाळू मेंटलसाठी परदेशी जाऊ लागली.

नवे मेंटल कापडाचे असते. पहिल्यांदा पेटवले की कापड जळून राखेची पांढरी जाळी उरते आणि तीच उजेड देते. तिला बोट लागले की ती ढासळते. भोक पडलेले मेंटल लगेच बदला, नाही तर त्यातून निघणारा झोत काच तडकवतो. थोरियम किंचित किरणोत्सारी आहे. नुसते हातात धरल्याने भिण्याचे कारण नाही, पण राख नाका-तोंडात जाता कामा नये. फुंकर मारू नका, हे काम स्वयंपाकघरात करू नका, पोरांना जवळ घेऊ नका आणि नंतर हात धुवा.

पहिल्यांदा पेटवताना

पहिल्यांदा बत्ती अंगणात, कडब्यापासून लांब पेटवा. जवळ घमेलेभर माती ठेवा. रॉकेल फडक्यातून गाळून टाकीच्या पाऊण भागापर्यंतच घाला, कारण वर हवेला जागा हवी. पेट्रोल थेंबभरही मिसळू नका. स्पिरिटच्या वाटीतला जाळ विझत आला की हवेचा स्क्रू बंद करून थोडे पंप मारा. ज्योत पिवळी भडकली तर नळी पुरती तापलेली नाही असे समजा. अशा वेळी हवेचा स्क्रू उघडून दाब सोडा, बत्ती निवू द्या आणि पुन्हा सुरुवात करा. तापल्या वाटीत वरून स्पिरिट ओतू नका, की पेटत्या बत्तीत रॉकेल भरू नका. दारे-खिडक्या लावून तिच्या उजेडात झोपू नका, कारण बंद खोलीत विषारी वायू साचतो आणि तो वासाने कळत नाही.

गोठ्यात ठेवू नका

पितळेची बत्ती चिंचेने घासा, पण निकेलचा मुलामा असेल तर नुसत्या साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. काम झाले की दाब सोडून, तेल काढून ती घरात कोरड्या जागी ठेवा. गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी मुळीच नको. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ताणलेल्या पितळेला चिरा पाडतो, हे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. चीर केसासारखी असते, दिसत नाही, पण दाब भरला की तिथूनच टाकी फाटू शकते.

म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, फेसाची परीक्षा पुन्हा घ्या. त्या वेळी घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवा आणि दाब कसा सोडायचा, तो स्क्रू सगळ्यांत आधी दाखवा.