जुनी पण आलिशान : कमी पळालेल्या गाडीचा मोह

आज बीएमडब्ल्यू ‘५२० डी’ची टायमिंग चेन उघडायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण कारंज्याच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘२०१४ची एस क्लास, एकच मालक, मीटरवर जेमतेम ३१ हजार. डोळे झाकून घ्यावी का?’

डोळे उघडे ठेवा, आणि गाडी भल्या सकाळी बघा. एस क्लास हवेच्या रबरी फुग्यांवर उभी असते. रात्रभर थांबलेली गाडी मालकाला सुरू करू देऊ नका. चाकाचा माथा आणि वरचा मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घाला. उजवीकडे तीन बोटं मावतात आणि डावीकडे एकच, म्हणजे डावा फुगा गळतोय. गळका फुगा भरता भरता कॉम्प्रेसरही जळतो आणि खर्चाला पाय फुटतात.

रबर झिजतं तसं नुसतं वयानेही मरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली दहा-दहा उन्हाळे काढलेल्या गाडीचे गॅस्केट, कूलंटचे पाइप, त्यांचे प्लॅस्टिकचे जोड कडक होऊन तडकतात. उंदरांनी वायरिंग कुरतडलं असेल तर ते वेगळंच.

टायर तर हमखास फसवतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. ‘२३१४’ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. असे टायर घालून शेलूबाजारहून समृद्धीवर चढायचं आणि उन्हात तापलेल्या सिमेंटवरून १२०ने जायचं, हे धाडस करू नये. बीएमडब्ल्यू बघत असाल तर स्टेपनी आहे का, तेही विचारा. बऱ्याच गाड्यांना ती नसते; रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर ८०च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतो. तेवढ्यात तसाच टायर मिळेल याची वाशिम-रिसोडकडे खात्री नाही.

आता मीटर. आकडा खरा असला तरी गाडी निवांत होती असं नाही. आपल्याकडे अशा गाडीला लग्नसराईत भारी मागणी. नवरदेव आत, एसी फुल्ल, पुढे बँड, आणि इंजिन दोन-दोन तास जागच्या जागी तापतंय. मीटरवर एक किलोमीटरही चढत नाही.

मला विचाराल तर ३१ हजारांच्या बंद गाडीपेक्षा दरवर्षी ऑइल बदललेली, ९० हजार पळालेली गाडी मी आधी घेईन. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद काढायला सांगा. मालक त्याला का-कू करू लागला, तर इसार देऊ नका.

टायमिंग चेन पुढच्या वेळी. इंजिनाच्या मागच्या बाजूचा, गिअरबॉक्सकडचा आवाज तोवर ऐकून ठेवा.