गिरणगाव इथले आणि तिथले

मालेगावचा एक मागवाला आमच्या पेढीवर बसला होता. म्हणाला, "सेठ, अमेरिकेचा मजूरही रडतो म्हणे. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याला कसले रडू?" याचे उत्तर आपल्याच घरात आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कापड मात्र बाजारातून नाहीसे झाले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर ते अधिकच विणले जाऊ लागले. (ही वाट आधीच पडली होती, संपाने रुंद केली.) तिथे मजुरी कमी, युनियनचा जोर नाही. गिऱ्हाइकाला कापड स्वस्त पडले, आम्हा व्यापाऱ्यांचेही बरे चालले, हे कबूल केले पाहिजे. मार बसला तो परळ-लालबागला.

श्रीमंत देशांत हेच झाले, फक्त भिवंडीच्या जागी चीन, बांगलादेश आले. १९७४ पासून मल्टीफायबर करारामुळे कोणत्या देशाने किती कापड, किती कपडे पाठवायचे याचा कोटा होता. तिकडच्या मजुराच्या रोजीसाठी घातलेला तो बांधच. १९९५ पासून तो टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि १ जानेवारी २००५ रोजी संपला. दरम्यान डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेत तयार कपड्यांच्या कारखान्यांत १९९० साली नऊ लाखांवर लोक होते. २०११ मध्ये दीड लाखाच्या आसपास उरले. जुलै २००३ मध्ये पिलोटेक्स ही चादरी-टॉवेलांची कंपनी बंद पडली, तेव्हा एकट्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात साडेचार हजारांवर लोक घरी बसले.

सगळे खापर व्यापारावर फोडता येत नाही. यंत्रांनीही हात कमी केले. पण मजूर दुसरे काम का धरत नाही, असे विचारणे सोपे आहे. ऑटर, डॉर्न व हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ साली दाखवले की, चिनी मालाशी टक्कर असलेल्या भागांत बेकारी वाढली, मजुरी घटली, सरकारी मदत घेणारे वाढले. माणसे मात्र फारशी गाव सोडून गेली नाहीत. स्वस्त शर्टाचा फायदा कोट्यवधी घरांत थोडाथोडा वाटला जातो, तोटा मात्र एका गावावर कोसळतो.

"मग त्यांचे काम आमच्याकडे का नाही आले?" मागवाल्याने विचारले. आम्ही सांगितले, परदेशी गिऱ्हाईक रुंद पन्ह्याचे, बिनगाठीचे, एकसारखे कापड मागते. साध्या मागावर ते निघत नाही. तो काही बोलला नाही. चहा संपवला आणि सुताचा भाव विचारू लागला.