समुद्राचा भाता

प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापा, झाकण काढा आणि ती बादलीतल्या पाण्यात उभी धरून खाली दाबा. तोंडापाशी तळहात धरला की फुंकर लागते. बाटली वर उचलली की तीच हवा उलटी आत जाते. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विझिंजम या मासेमारी बंदरात वर्षानुवर्षं हाच खेळ चालू होता. फक्त तिथली बाटली सुमारे 3000 टनांची, काँक्रीटची होती. ती जागची हलत नसे, हलायचं ते पाणी.

मद्रास आयआयटीच्या अभियंत्यांनी केंद्राच्या महासागर विकास विभागाच्या मदतीने बांधलेला हा पोकळ ठोकळा डिसेंबर 1990 मध्ये लाटरोधक बांधाच्या बाहेर समुद्रतळावर बसवला गेला. पुढच्या वर्षी त्यातून वीज आली. क्षमता 150 किलोवॅट. इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे हमखास गल्लत होते: ही भरती-ओहोटीची वीज नव्हे. भरतीचं वेळापत्रक पंचांगात सापडतं, लाटेचं सापडत नाही.

ठोकळ्याचं समुद्राकडचं तोंड पाण्याखाली उघडं. लाट आत शिरली की आतलं पाणी चढतं, वरची हवा दाबली जाऊन नळीतून बाहेर उसळते. पाणी उतरलं की बाहेरची हवा आत खेचली जाते. लोहाराचा भाताच हा. पण भात्याची हवा आगीकडे एकाच दिशेने जाते. इथे हवेची दिशा दर काही सेकंदांनी पालटणार, मग चाक कसं फिरवायचं? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या अ‍ॅलन वेल्स यांनी 1970 च्या दशकात त्यावर तोड काढली. त्यांच्या टर्बाइनची पाती दोन्ही अंगांनी सारखी, पुढे गोलसर आणि मागे निमुळती. हवा वरून येवो की खालून, चाक एकाच बाजूला फिरतं. हवेची दिशा बदलायला झडपाच लागत नाहीत. मला या सगळ्या यंत्रात सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणजे जून-जुलैचा समुद्र आणि जानेवारीचा समुद्र हे यंत्राच्या लेखी दोन वेगळेच धनी. पावसाळ्याच्या हिशेबाने जनित्र बसवावं तर उरलेलं वर्ष ते अर्धपोटी, आणि लहान बसवावं तर ऐन सुगीत धान्य सांडतं. वेल्सच्या पात्यांचाही एक नखरा आहे: हवेचा झोत फार जोराचा झाला की त्यांची पकड सुटते आणि ऐन जोराच्या लाटेलाच चाक ढेपाळतं. उलट समुद्र मंदावला की ग्रिडला जोडलेलं जनित्र वीज द्यायची सोडून तारेतलीच वीज ओढू लागतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकाच लाटेत प्रवाह दोनदा शून्यावर येतो तो वेगळाच.

राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पुढे एक शहाणपणाचा पर्याय करून पाहिला. चढउतारांची वीज बॅटरीत साठवून तिच्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचं, दिवसाला सुमारे 10000 लिटर. टाकी थोडी हळू भरली तरी कुणाची तक्रार नसते. दिव्याला मात्र मिणमिणून चालत नाही. तरीही 2011 मध्ये हे केंद्र बंद झालं.

त्याच वर्षी स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू इथे याच जातीचं केंद्र सुरू झालं. तिथे एका मोठ्या खोलीऐवजी 16 लहान खोल्या आहेत आणि प्रत्येकीवर 18.5 किलोवॅटचं चाक. एक बंद पडलं तर बाकीची चालू राहतात, आणि सोळा जणांचा श्वास पुढेमागे झाला की एकूण वीज जरा सपाट होते. त्याहून मोठी हुशारी म्हणजे या खोल्या बंदराच्या लाटरोधक भिंतीतच आहेत. भिंत नाहीतरी बांधायचीच होती. बांधकाम चालू असताना वादळी लाटांनी तिची मोडतोड केली होती, ती दुरुस्त करून घेतली.

विझिंजमला आता खोल समुद्रातलं मोठं कंटेनर बंदर उभं राहिलं आहे. त्यासाठी तिथे सुमारे तीन किलोमीटरचा नवा बांध घातलाय, लाटा अडवायला.